केसांनाही इतिहास असतो

आपल्या समाजात केस हा विषय दोघांच्या ताब्यात आहे. एक जाहिरातवाले आणि दुसरा आजीबाईचा बटवा. जाहिरातवाला सांगतो, अमुक बाटली घ्या, पंधरा दिवसांत केस रेशमासारखे होतील. बटवा सांगतो, पूर्वीच्या बायकांचे केस गुडघ्यापर्यंत पोचत, कारण त्या शिकेकाईने न्हात असत. केस म्हणजे नेमके काय, त्यात पाणी शिरते कसे, तेल आत मुरते की नुसतेच वर बसते आणि एकीला मानवलेले दुसरीला का मानवत नाही, हे मात्र दोघेही सांगत नाहीत. या प्रश्नांची बरीचशी उत्तरे शास्त्रज्ञांनी केव्हाच शोधून ठेवली आहेत. ती आपल्या न्हाणीघरापर्यंत आलेली नाहीत, इतकेच.

विषय क्षुल्लक वाटेल. पण आपल्याकडे केस कधीच क्षुल्लक नव्हते. विधवेचे केशवपन ही याच महाराष्ट्रातली प्रथा. १८९० साली मुंबईच्या नाभिक बांधवांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ‘आम्ही विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही’ असा निर्धार केला, तो सामाजिक इतिहासातला मानाचा प्रसंग आहे. आजही एखाद्या मुलीच्या केसांत जट झाली की ‘देवीचे बोलावणे आले’ असे मानणारी घरे आहेत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन अशा बायकांची समजूत काढतात आणि जटा कापून त्यांची मान मोकळी करतात. जट ही देवीची नसते. धुतले-विंचरले न गेलेले, एकमेकांत अडकलेले ते केस असतात. केस एकमेकांत का अडकतात हे शाळेतच कळले असते, तर कितीतरी मुलींच्या मानेवरचे ओझे वाढलेच नसते.

आणि या टोकापासून दूर, शहरातल्या सुशिक्षित घरात काय चालते? ‘केस फारच राठ झालेत हो तुमचे,’ असे पार्लरमध्ये ऐकलेली मुलगी पहिल्या पगारातले काही हजार रुपये केस सरळ करून घेण्यावर घालते. चार महिन्यांनी केस पूर्वीपेक्षा राठ होतात आणि ती पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसते. अज्ञानाचे स्वरूप बदलले आहे, त्याची किंमत बायकाच मोजताहेत.

कौलारू घर

केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. जिवंत काय ते त्वचेखालचे मूळ. तिथे केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा विणला जातो आणि तो वर सरकत राहतो. हा धागा जाडीने मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढा. इतक्या बारीक वस्तूलाही गाभा आहे आणि गाभ्याभोवती कवच आहे. गाभ्यात केसाची ताकद आणि रंग असतो. कवच असते पारदर्शक खवल्यांचे. एकावर एक असे पाच ते दहा थर, प्रत्येक खवला मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका जाड.

हे कवच समजायला कोकणातले कौलारू घर डोळ्यांसमोर आणावे. वरचे कौल खालच्या कौलावर थोडे चढलेले, सगळ्यांची तोंडे उताराकडे. केसाचे खवलेही असेच मुळाकडून टोकाकडे रचलेले असतात. एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे फिरवा, गुळगुळीत लागेल. उलटी फिरवा, किंचित खरखर जाणवेल. ती कौलांची धार. शिवाय या कौलांवर निसर्गाने एका मेदाम्लाचा अतिशय पातळ थर पक्का चिकटवून दिलेला असतो. त्यामुळे निरोगी केसावर पडलेले पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळते.

कौले जागेवर असतील तर पाणी आत शिरायला वेळ लागतो. कौले सरकली, तडकली, उडून गेली की घर गळते. केसाचे पाणी किंवा रसायन आत घेण्याचे हे जे कमी-अधिक प्रमाण, त्यालाच सच्छिद्रता म्हणतात. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी पितो. तो जाडीने पंधरा टक्क्यांच्या आसपास फुगतो, लांबीने मात्र जेमतेम एक-दोन टक्के वाढतो. वाळला की पुन्हा आकसतो. न्हाणे म्हणजे केसाच्या दृष्टीने असे फुगणे आणि आकसणे. ज्याची कौले धड आहेत तो हे वर्षानुवर्षे सोसतो, ज्याची उडाली आहेत तो प्रत्येक वेळी थोडा झिजतो.

कोकणातला माणूस पावसाळ्याआधी कौले चाळून घेतो. केसाच्या बाबतीत ती सोय नाही. तो निर्जीव आहे, त्याला जखम भरून काढता येत नाही. ‘खराब झालेला केस मुळापासून दुरुस्त करते’ असे जी बाटली म्हणते, ती खोटे बोलते. फार तर ती तडकलेल्या कौलांवर ताडपत्री घालू शकते. ताडपत्रीचाही उपयोग असतोच, पण तिला नवे छप्पर म्हणून विकू नये.

वेणीचे टोक पाच वर्षांचे

‘तुमचे केस कमी सच्छिद्र की जास्त?’ असा प्रश्न आता सर्रास विचारला जातो. जणू ती जन्मतारखेसारखी कायमची गोष्ट आहे. इथेच मोठी गल्लत होते. सच्छिद्रतेचा काही भाग जन्माने येतो हे खरे. कुरळ्या केसाला प्रत्येक वळणावर कवचाला ताण पडतो आणि डोक्यावरचे नैसर्गिक तेल वळणे घेत टोकापर्यंत उतरत नाही, त्यामुळे असे केस लवकर कोरडे पडतात. पण सच्छिद्रतेचा फार मोठा भाग केसावर काय काय गुजरले यावर ठरतो.

हिशेब सोपा आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे दोन फुटी वेणीचे टोक चार-पाच वर्षांचे असते. आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या बाईचे ते टोक चारशे-पाचशे वेळा भिजून वाळलेले असते. त्याने चार-पाच वैशाख पाहिलेले असतात, हजारो वेळा कंगवा सोसलेला असतो. त्याच वेणीचे मूळ गेल्या महिन्यातले, कोरे करकरीत. एकाच केसाची ही दोन टोके. त्यांना एकच तेल, एकच साबण आणि एकच वागणूक कशी चालेल? डोक्याला शांपू आणि टोकांना कंडिशनर, हा नियम कोणा कंपनीची लहर नाही, तो या हिशेबातून निघतो. मळ आणि तेल डोक्याच्या त्वचेवर साचते, तेव्हा शांपू तिथे चोळावा. टोकांना खाली ओघळणारा फेस पुरतो. कंडिशनरची गंमत आणखी वेगळी. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार अधिक असतो आणि कंडिशनरमधले मुख्य द्रव्य धन भाराचे असते. त्यामुळे जिथे कौले उडाली आहेत तिथेच ते जास्त चिकटते. ते टोकांना लावून धुऊन टाकावे, टाळूला चोळण्यात काही हशील नाही.

कवच कशाने उडते, याची यादी मोठी आहे. पहिला मान अल्कधर्मी रसायनांचा. अंगाचा साबण साधारण नऊ-दहा पीएचचा असतो. केस त्यात फुगतो, कौले उचलली जातात. त्यात बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असेल, तर साबणाचा न विरघळणारा चिकट साका केसावर बसतो. मग केस धुऊनही चिकट आणि मंद दिसतात. इथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करायला हवी. ‘केमिकल’ म्हणून ज्याची हेटाळणी होते तो साधा शांपू जड पाण्यात असा साका धरत नाही. अंगाच्या वडीने डोके धुण्यापेक्षा पुडीतला शांपू केसांना कितीतरी सोयीचा.

दुसरा मान कलपाचा. अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असलेला कलप रंग आत न्यायला कवच उघडतो, आणि ते पूर्वीसारखे मिटत नाही. म्हणून दर महिन्याला सगळ्या केसांवर कलप फासणे हा अव्यापारेषु व्यापार आहे. मुळाशी जेवढे पांढरे आले असेल तेवढ्यालाच तो लावावा. टोके आधीच सच्छिद्र असतात, ती रंग अधाशासारखी पितात आणि काळीठिक्कर, निस्तेज दिसू लागतात. ‘काळी मेंदी’ या नावाने जे विकले जाते त्याबद्दलही सावध असावे. मेंदी कधी काळी नसते. तो काळा रंग बहुधा पीपीडी या रसायनाचा असतो आणि त्याची अ‍ॅलर्जी झाली तर चेहरा सुजून दवाखाना गाठावा लागतो.

तिसरा मान उष्णतेचा. केस सरळ करण्याची इस्त्री दोनशे अंशांच्या घरात तापते. ओल्या केसावर ती फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात अक्षरशः बुडबुडे धरतात. असा केस तिथेच तुटतो. ऊन, पोहण्याच्या तलावातले क्लोरिन आणि रोजचे घर्षण ही मंडळी हळूहळू पण नेमाने काम करतात.

पेल्यातली परीक्षा

आपले केस कसे आहेत हे ओळखायचे कसे? एक युक्ती सध्या फार लोकप्रिय आहे. पेलाभर पाण्यात एक केस टाकायचा. तरंगला तर सच्छिद्रता कमी, बुडाला तर जास्त. दुर्दैवाने ही परीक्षा भरवशाची नाही. केस इतका हलका असतो की पाण्याच्या पृष्ठताणावरच तो तरंगतो. त्यावर तेलाचा हात असेल, कंडिशनरचा थर असेल, तर उत्तर आणखी बदलते. केस किती वेळात वाळतात, हीही खूण फसवी. दाट केस आणि दमट हवा असेल तर कोणाचेही केस उशिराच वाळणार.

त्यापेक्षा रोजच्या अनुभवाकडे लक्ष द्यावे. तांब्याने पाणी घातल्यावर ते काही क्षण थेंबाथेंबांनी वर राहते का, की केस लगेच चिंब होतात? टोके मुळांपेक्षा राठ लागतात का? लावलेला रंग झटकन धरून महिन्याभरात उडतो का? ओले केस बोटांत सरकतात, की करकरतात आणि गुंततात? नागपूरहून मुंबईला आल्यावर पहिल्याच दिवशी ते पिंजारतात का? हवेतली वाफ आत शिरून केसातले नाजूक बंध मोडते आणि नव्याने जोडते, म्हणून केस आकार बदलतात. कौले उडालेल्या केसात हे अधिक आणि वेडेवाकडे होते. या प्रश्नांची उत्तरे मुळांसाठी एक आणि टोकांसाठी दुसरी आली, तरी गोंधळू नये. बहुतेकींची तशीच येतात.

तेलाची गोष्ट

आता आजीच्या बटव्याकडे वळू. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल, या तिन्हींची त्यांनी तुलना केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातून होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली. कारण खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. बाकीची दोन तेले वरच राहतात. आत शिरलेले तेल पाण्याला जागा कमी ठेवते, केस कमी फुगतो आणि कमी झिजतो. ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तरीही किरणोत्सारासारखी गूढ भाषा न वापरता केलेला हा सरळ प्रयोग आहे आणि त्यामागचे कारण रसायनशास्त्राला पटणारे आहे.

म्हणजे आदल्या रात्री तेल लावून सकाळी न्हायचे, ही आपल्या घरांतली रीत शहाणपणाची होती. दिवाळीच्या अभ्यंगातही आधी तेल, मग पाणी हाच क्रम. पण म्हणून बटव्यातले सगळेच खरे ठरत नाही. तेलाने केस ‘पोसले’ जात नाहीत. मुळाला अन्न रक्तातून मिळते, बाटलीतून नव्हे. केस गळत असतील तर तेल बदलण्याआधी रक्तातले लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे. डोक्यात कोंडा असेल तर टाळूवर तेल थापू नये, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी स्निग्ध पदार्थांवरच जगते. अशा वेळी तेल केसांच्या लांबीला लावावे, टाळूला नको. ओले केस पंचाने सपासप झटकायची जुनी सवयही वाईट. ओला केस फुगलेला आणि दुबळा असतो, कोरड्यापेक्षा कमी जोराने तुटतो. तो टिपावा, झटकू नये.

शिकेकाई आणि रिठ्यातही फेस देणारी नैसर्गिक द्रव्ये आहेत, आणि शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने कौले उचलत नाही. पण जाडीभरडी पूड केसांत अडकली तर ती खरवडते. वस्त्रगाळ करून किंवा उकळून, गाळून घ्यावी. यात परंपरेचा अभिमान आणि परंपरेची थट्टा दोन्ही नको. गंमत पाहा, ‘शांपू’ हा शब्दच मुळात आपल्या ‘चंपी’च्या कुळातला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या ब्रायटनला तो मालिश या अर्थाने रूढ केला आणि इंग्लंडचे राजेही त्यांच्याकडे मालिश करून घेऊ लागले. मालिश आपण दिली आणि बाटली परत घेतली!

थोडक्यात सांगायचे तर ज्यांचे केस पाणी सहज घेत नाहीत त्यांनी तेल-मलमांचे थर चढवू नयेत. केस सावकाश, कोमट पाण्याने नीट भिजवावेत, हलके काही लावावे आणि स्वच्छ धुवावे. ज्यांचे केस पाणी झटकन पितात त्यांनी न्हाण्याआधी खोबरेल, न्हाताना सौम्य शांपू, नंतर टोकांना कंडिशनर आणि इस्त्रीला रजा, एवढे पाळावे. कुरळे केस कोरडे विंचरू नयेत. कंडिशनर लावलेले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवावा. फाटे फुटलेली टोके कापावीत. कात्रीइतका प्रामाणिक उपाय दुसरा नाही.

खुर्चीमागची बाई

हे सारे केवळ घरगुती सल्ल्यापुरते असते तर वर्तमानपत्राची एवढी जागा अडवायचे कारण नव्हते. पण केस सरळ करण्याच्या नावाखाली पार्लरमध्ये जे चालते ते आरोग्याशी निगडित आहे. ‘केराटिन ट्रीटमेंट’ हे नाव ऐकून केसाला प्रथिन मिळते असे वाटते. प्रत्यक्षात अशा अनेक मिश्रणांचा आधार फॉर्मलडिहाइड हा असतो आणि तापत्या इस्त्रीखाली त्याची वाफ सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मलडिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. त्याला पर्याय म्हणून ग्लायॉक्सिलिक आम्लाची मिश्रणे आली. २०२४ च्या मार्चमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने एका तरुणीची हकिगत छापली. अशा मिश्रणाने केस सरळ करून घेतल्यावर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. ‘फॉर्मलडिहाइडमुक्त’ एवढ्या शब्दावर विसंबण्यात अर्थ नाही.

गिऱ्हाईक वर्षातून दोनदा ती वाफ घेते. खुर्चीमागे उभी असलेली मुलगी ती रोज घेते, बंद काचांच्या वातानुकूलित खोलीत. ती बहुधा लहान गावातून आलेली असते आणि बाटलीवरचे बारीक इंग्रजी तिला कोणी समजावून दिलेले नसते. सौंदर्याच्या या धंद्यात सर्वांत स्वस्त काय असेल, तर तिची फुप्फुसे.

म्हणून काही मागण्या साध्या आहेत. सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तर मग पार्लरमध्ये केसांवर काही लावण्याआधी ती बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देणेही रीतीचे व्हावे आणि मुख्य घटकांची नावे मराठीत असावीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील सौंदर्यप्रसाधनाच्या अभ्यासक्रमात केशरचनेइतकाच केसाच्या रचनेचा पाठ असावा, आणि वाफ बाहेर टाकणारा पंखा ही पार्लरची चैन नव्हे, अट ठरावी. शाळेत पानाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, तसा एकदा प्रत्येकाचा स्वतःचा केसही ठेवावा. कौले डोळ्यांनी पाहिलेली मुलगी ‘मुळापासून दुरुस्ती’च्या जाहिरातीला सहजी भुलणार नाही, आणि जटेला देवीचे बोलावणेही म्हणणार नाही.

केस सरळ असावेत, काळे असावेत, लांब असावेत, ही दुसऱ्यांनी लादलेली मापे आहेत. त्यांत बसण्यासाठी धडधाकट केसांची कौले आपणच उडवायची आणि मग गळते म्हणून ताडपत्री विकत घ्यायची, हा व्यवहार तोट्याचा आहे. आपल्या डोक्यावरचे कुरळे, राठ, पातळ, पांढरे जे काही आहे, त्याने आतापर्यंत काय सोसले एवढे आधी समजून घ्यावे. काय लावायचे आणि काय लावायचे नाही, हे त्यानंतर ठरवणे फारसे अवघड नाही.